कांद्याची ट्रॉली ओढण्यासाठी ट्रॅक्टरचे इंजिन : जुने की नवे?

लासलगाव बाजार समितीच्या आवारात हंगामात पहाटेपासून कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या रांगा लागतात. निफाड, येवला तालुक्यांतील माल बहुतांशी सपाट रस्त्याने येतो. देवळ्याकडील शेतकऱ्यांना मात्र भावडबारीचा घाट, तर मालेगावकडून येणाऱ्यांना राहूड घाट ओलांडावा लागतो. भरलेली ट्रॉली चढावर अडली तर लिलावाची वेळ हुकतेच, शिवाय ट्रॉली मागे घसरून जीवावर बेतते. त्यामुळे घरचा जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून वापरावा की कर्ज काढून नवा घ्यावा, असा प्रश्न अनेकांपुढे असतो. त्याचे उत्तर अश्वशक्तीचा आकडा पाहून देता येत नाही. थोडा हिशेब करावा लागतो.

ओढ किती लागते?

ट्रॅक्टर २ टन, रिकामी ट्रॉली दीड टन आणि कांदा २५ क्विंटल धरल्यास एकूण वजन ६ टन होते. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरती ठेवण्यासाठी दर टनाला सुमारे २० किलो ओढ लागते, म्हणजे १२० किलो. दर २० मीटर अंतरास १ मीटर चढ असेल तर त्यात दर टनाला ५० किलोची, म्हणजे ३०० किलोची भर पडून एकूण ओढ ४२० किलो होते. थोडक्यात, डोळ्यांना साधा वाटणारा चढ ओढ साडेतीन पट करतो.

ताशी १५ किलोमीटर वेगाने हा चढ चढण्यासाठी चाकांवर सुमारे २३ अश्वशक्ती लागते. गिअर आणि धुऱ्यातील घट धरता इंजिनाने २७ अश्वशक्ती द्यावी लागते. कांदा आणखी १० क्विंटल भरला तर हीच गरज ३२ वर जाते. उलट २५ क्विंटलचाच भार खालच्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरने चढवला तर १८ अश्वशक्ती पुरते.

टॉर्क आणि राखीव ताकद

टॉर्क म्हणजे इंजिन क्रँकशाफ्टला देते तो पीळ. टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून अश्वशक्ती येते. ४० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ती शक्ती देत असेल तर त्याचा पीळ सुमारे १६ किलो-मीटर असतो. तीच शक्ती २२०० फेऱ्यांवर मिळत असेल तर पीळ १३ किलो-मीटर असतो. तरीही हा फरक गिअरने भरून निघतो. खरा फरक चढावर फेरे उतरू लागल्यावर कळतो. फेरे घटताना ज्या इंजिनाचा पीळ वाढतो ते भार सांभाळत चढते. या वाढीला राखीव टॉर्क म्हणतात. तो २० ते २५ टक्के असलेले इंजिन गिअर न बदलता चढ पार करते.

ट्रॅक्टरमध्ये याला विशेष महत्त्व आहे. आपल्याकडील बऱ्याच ट्रॅक्टरांत भरल्या भाराने चढावर चालता-चालता गिअर बदलता येत नाही. क्लच दाबताच ट्रॅक्टर थांबतो आणि ट्रॉली मागे ओढू लागते. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच योग्य गिअर टाकावा.

जुनी इंजिने

जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने मोठ्या आकारमानाची, कमी फेऱ्यांची आणि यांत्रिक डिझेल पंपाची असतात. फेरे उतरले की गव्हर्नर आपोआप जास्त डिझेल सोडतो. रचना साधी असल्याने गावचा फिटरही ती उघडू शकतो आणि सुटे भाग मिळतात. मात्र वयाचा परिणाम विसरू नये. लायनर, पिस्टन रिंगा आणि नोझल झिजल्यावर ३५ अश्वशक्तीचे इंजिन २८ वर आले, तर वरील हिशेबातील चढावर हाती काहीच शिल्लक राहत नाही. ब्रीदरमधून जोराने वाफ येणे, भारावर दाट काळा धूर, तेल कमी होणे आणि चढावर पाणी तापणे ही झिजेची लक्षणे आहेत.

नवी इंजिने

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यामुळे या गटात कॉमन रेल पद्धतीची इंजिने आली. जुन्या इंजिनात नोझल साधारण २०० किलो दाबावर उघडतो. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार किलोहून अधिक दाबाखाली साठवून, संगणकाच्या आज्ञेने मोजून फवारले जाते. जोडीला टर्बो असेल तर कमी फेऱ्यांवरही भरपूर हवा मिळते. त्यामुळे राखीव टॉर्क चांगला मिळतो आणि धूर कमी होतो.

याची किंमत शिस्तीने मोजावी लागते. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात. उघड्या कॅनमधून आणलेले, पाणी किंवा धूळ मिसळलेले डिझेल त्यांना मारक ठरते. फिल्टर वेळेवर बदलावेत व पाणी रोज काढावे. टर्बो असल्यास घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे. सेन्सर बिघडल्यास गावातील फिटरचा उपयोग होत नाही, म्हणून खरेदीपूर्वी जवळचे सेवाकेंद्र किती अंतरावर आहे ते पाहावे.

निर्णय कसा घ्यावा?

४ किलोमीटरचा चढ ताशी १५ ऐवजी १० किलोमीटर वेगाने चढल्यास ८ मिनिटे जास्त लागतात. केवळ या ८ मिनिटांसाठी कर्ज काढणे परवडणारे नाही. वर्षाकाठी मोजक्या खेपा करणाऱ्याने जुन्या इंजिनाचे लायनर, रिंगा व नोझल दुरुस्त करून घ्यावेत, भार मर्यादेत ठेवावा आणि खालचा गिअर वापरावा. रोटाव्हेटर, भाड्याची वाहतूक आणि घाटाच्या वारंवार खेपा असा भरपूर वापर असणाऱ्यालाच नवे मोठे इंजिन फायद्याचे ठरते. खरेदी करताना विक्रेत्याला अश्वशक्तीबरोबर कमाल टॉर्क, तो किती फेऱ्यांवर मिळतो आणि राखीव टॉर्क किती, हे अवश्य विचारावे.

इंजिन जे करू शकत नाही

पावसाळ्यात ओल्या चिखलात मागची चाके फिरू लागली तर कितीही मोठे इंजिन उपयोगी पडत नाही, कारण ओढ चाकांच्या पकडीवर ठरते. अशा वेळी भार कमी करावा. ट्रॉली नेहमी ठरलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. वर जोडल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर उलटतो.

उतारावरील धोका तर चढापेक्षा मोठा आहे. वेग दुप्पट झाला की थांबवण्यासाठी चौपट ऊर्जा शोषावी लागते, आणि अनेक ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून ज्या गिअरने चढ चढला त्याच गिअरने उतरावे व न्यूट्रल कधीही करू नये. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून ठेवावेत. घाटातून वाहतूक करणाऱ्यांनी ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यावेत. नव्या इंजिनासाठी पैसे जमवण्यापूर्वी हा खर्च करावा, कारण माल आणि माणूस दोन्ही सुखरूप बाजारात पोहोचणे ब्रेकवरच अवलंबून असते.