कुक्कुटगृहांतील कीटकनियंत्रण

अंडी वा मांस यांसाठी जेथे कोंबड्या मोठ्या संख्येने ठेवलेल्या असतात, अशा घरांतील विष्ठा, गादी, सांडलेले खाद्य आणि खुद्द कोंबड्यांचे शरीर यांवर वाढणाऱ्या कीटकांची संख्या उपद्रवकारक पातळीच्या खाली राखणे म्हणजे कुक्कुटगृहांतील कीटकनियंत्रण होय. कीटकांचा समूळ नाश येथे अपेक्षित नाही व तो शक्यही नसतो. एका छपराखाली हजारो पक्षी, सतत साचणारी विष्ठा आणि उबदार हवा असेल तेथे कीटक येणारच. ते किती वाढू द्यावयाचे एवढेच पालकाच्या हाती असते.

घरमाशी : (मस्का डोमेस्टिका). पिंजरा पद्धतीच्या अंडी-उत्पादन केंद्रांतील हा सर्वांत त्रासदायक कीटक आहे. मादी एका वेळी १०० ते १५० अंडी विष्ठेत घालते व आयुष्यात असे अनेक घोस घालते. उष्ण हवेत अंडे, अळी, कोश व प्रौढ माशी हा क्रम ७ ते १० दिवसांत पुरा होतो. माशी चावत नाही आणि कोंबड्यांना तिचा प्रत्यक्ष त्रासही थोडाच होतो. परंतु तिच्यामार्फत साल्मोनेला जंतूंचा प्रसार होतो, एका जातीच्या पट्टकृमीची ती मध्यस्थ पोषक असते आणि अंड्यांवर तिच्या विष्ठेचे डाग पडतात. माश्या आसपासच्या वस्तीत पसरत असल्याने कुक्कुटपालक व शेजारी गावकरी यांच्यातील तंट्यांचे त्या एक नेहमीचे कारण ठरतात.

माशीची वाढ मुख्यतः विष्ठेतील ओलाव्यावर अवलंबून असते. ताज्या विष्ठेत सु. ७५% पाणी असते व ते माशीस मानवते. ओलावा ५०% च्या खाली गेला म्हणजे पैदास मंदावते आणि ३०% च्या सुमारास ती जवळजवळ थांबते. म्हणून नियंत्रणाचा पहिला उपाय औषधाच्या बाटलीत नसून पाण्याच्या नळीत असतो, असे म्हणता येईल. गळके निपल, पावसाची झड, छपराचे अपुरे वळचण, भोवतालचे साचपाणी आणि खाद्यातील जादा मीठ (यामुळे विष्ठा पातळ होते) ही ओलाव्याची नेहमीची कारणे होत. उंच खांबांवरील, चहूबाजूंनी मोकळ्या घरांत पिंजऱ्याखाली विष्ठेचे शंकूसारखे ढीग होतात व ते वाऱ्याने आपोआप सुकतात. असे ढीग विनाकारण मोडू नयेत.

सुकलेल्या ढिगांत माशीचे नैसर्गिक शत्रूही वस्ती करतात. मॅक्रोकेलिस मस्कीडोमेस्टिकी हा माइट माशीची अंडी व नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या खातो. त्याची एक मादी दिवसाला सु. २० अंडी फस्त करू शकते. गंमत म्हणजे हा माइट एका ढिगावरून दुसऱ्यावर जातो तो माशीच्याच अंगाला चिकटून. कार्सिनॉप्स प्यूमिलिओ हा लहान काळा भुंगेराही अंडी व अळ्या खातो, तर स्पॅलँजिया आणि म्युसिडिफ्युरॅक्स या प्रजातींतील बारीक गांधील माश्या माशीच्या कोशात आपली अंडी घालतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील आर. सी. ॲक्स्टेल यांनी या प्राण्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि विष्ठेची निगा, नैसर्गिक शत्रू व मोजका कीटकनाशक वापर यांची सांगड घालणाऱ्या पद्धतीचा पुरस्कार केला.

ढिगांवर सरसकट फवारणी करणे या दृष्टीने घातक ठरते. फवाऱ्याने माश्या मरतात तसे त्यांचे शत्रूही मरतात. माशीची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात पुरी होते. गांधील माशीस मात्र साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. परिणामी माश्या आधी सावरतात व पुढची फवारणी लवकर करावी लागते. शिवाय माशीत प्रतिकारक्षमताही झपाट्याने येते. डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या १९४० नंतरच्या दशकातच यूरोपात आढळल्या होत्या आणि त्यानंतरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट व पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकांबाबतही तेच घडले. म्हणून कीटकनाशक वापरणे भाग पडल्यास ते विष्ठेवर न टाकता माश्या रात्री बसतात त्या खांब, तुळया व तारा यांवर किंवा साखरमिश्रित आमिषातून द्यावे. सायरोमाझीन हे द्रव्य एक टन खाद्यात ५ ग्रॅम या प्रमाणात मिसळल्यास विष्ठेतून बाहेर पडते व अळ्यांची वाढ रोखते. भक्षक माइट व भुंगेरे यांना त्यापासून फारसा अपाय होत नाही. तथापि ते अखंड वापरल्यास त्यालाही प्रतिकार निर्माण होतो.

विष्ठा एकाच वेळी संपूर्ण खरवडून काढल्यास शत्रूही खताबरोबर निघून जातात. सु. १० ते १५ सेंमी. जाडीचा कोरडा थर मागे ठेवावा किंवा एक रांग सोडून एक रांग काढावी. आपल्याकडे कोंबडीखताला मागणी पावसाळ्याच्या तोंडी असते, त्यामुळे नेमक्या दमट दिवसांतच जमीन उघडी व शत्रुरहित राहण्याचा संभव असतो. ही अडचण गैरसोयीची असली, तरी टाळता येण्यासारखी आहे.

गादीतील भुंगेरे : मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांच्या गादीत अल्फिटोबियस डायापेरिनस हा सु. ६ मिमी. लांबीचा काळा भुंगेरा आढळतो. तो सांडलेले खाद्य व मेलेले पक्षी खातो आणि काही रोगजंतूंचा साठा बाळगतो. त्याच्या अळ्या कोशावस्थेपूर्वी भिंतींतील उष्णतारोधक थर पोखरतात. तो माशीच्या अळ्याही खातो, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पक्षी विकल्यानंतर घर थंड होताच भुंगेरे भेगांत शिरतात. तेव्हा उपाय त्याआधी, लगेच करावे लागतात. काढलेली गादी ढीग करून झाकून ठेवल्यास आतील उष्णतेने भुंगेरे व अळ्या मरतात. ती तशीच शेतात पसरल्यास ते रात्री दिव्यांकडे उडत येतात.

अंगावरील परजीवी : उवा (उदा., मेनॅकँथस स्ट्रॅमिनियस) सर्व आयुष्य पक्ष्याच्या अंगावर काढतात. चोच छाटलेल्या कोंबड्यांना पिसे नीट साफ करता येत नसल्याने त्यांच्यावर उवा अधिक होतात. गंधकाची भुकटी मिसळलेले धूलिस्नान उपयोगी पडते.

तांबडा माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) हा कीटक नसून कोळी-गोचिडांच्या वर्गातील अष्टपाद प्राणी आहे. पण नियंत्रणात त्याचा विचार बरोबरच करतात. तो दिवसा फटींत लपतो व रात्री कोंबड्यांचे रक्त शोषतो. यूरोपात खाद्योत्पादक प्राण्यांसाठी मनाई असलेले फिप्रोनिल हे कीटकनाशक या माइटवरील एका औषधात बेकायदा मिसळले गेल्याचे २०१७ मध्ये नेदर्लंड्स व बेल्जियममध्ये उघडकीस आले. ते अंड्यांत उतरल्यामुळे लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली आणि अनेक केंद्रे काही काळ बंद ठेवण्यात आली. दोन कळपांच्या मधल्या रिकाम्या काळात फटी बुजविणे, घर धुऊन वाळविणे व बैठकींच्या सांध्यांत सिलिकेची कोरडी भुकटी भरणे हे उपाय या माइटसाठी योजतात; भुकटीमुळे त्याच्या कवचावरील मेणाचा थर शोषला जाऊन तो सुकून मरतो.