मृगाआधीचं रबर

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं एकाहून अधिक. बीडची आष्टी तालुक्याचं ठिकाण म्हणून माहीत असते, वर्ध्याची १९४२च्या लढ्यामुळे. इथे बोलायचं आहे ते जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात असलेल्या आष्टीबद्दल, आणि तेही तिथल्या घरगुती गाडीच्या वायपरबद्दल. विषय गावाला जुळणारा वाटणार नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला ६५० ते ७५० मिलिमीटर. कोकणात एकटा जुलै याहून जास्त देऊन जातो. तेव्हा वायपरची चिंता रत्नागिरीकराने करावी, आष्टीकराने कशाला, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं उलट आहे. रत्नागिरीत वायपर झिजतो. आष्टीत तो न झिजताच मरतो. म्हणून इथे तो किती वापरला हे न पाहता, कोणता महिना लागला ते पाहून बदलायला हवा.

यामागचं कारण पात्याच्या रचनेत आहे. काच पुसते ती रबराची अगदी बारीक धार. ही धार काचेवर सरळ उभी राहत नाही. जाताना ती मागे कलते आणि परत फिरताना उलट बाजूला पडते. पाणी खरवडलं न जाता ओढलं जातं ते या कलण्यामुळेच. आता ऑक्टोबरपासून जूनपर्यंत गाडी उभी असताना ही धार एकाच अंगावर मुडपून पडलेली असते. वरून चाळीस अंशांपलीकडचं ऊन, खालून तापलेली काच आणि बोनेटची धग. ऊन आणि हवेतला ओझोन मिळून रबराची लवचीकता घालवतात, कडेला केसासारख्या भेगा पडतात. मग पहिल्या पावसात धारेला उलटता येत नाही. ती काचेवर ढकलली जाते, उड्या मारते, आणि तो ओळखीचा थरथराट सुरू होतो. त्यात धूळ. वळवाचे चार टपोरे थेंब धूळभरल्या काचेवर पडले की काचेवर पाणी कमी आणि चिखल जास्त असतो, आणि नेमका तेव्हाच चालकाचा हात वायपरच्या दांडीकडे जातो. रबरात अडकलेला एखादा खडीचा कण काचेवर कायमचा चरा ओढून ठेवतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून ट्रकचा दिवा आला की त्या चऱ्यांवर उजेड फुटतो आणि रस्ता नाहीसा होतो.

हे यंत्र मुळात मुसळधार पावसासाठी सुचलं नव्हतं, हेही इथे आठवावं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन यांना ते सुचलं न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये, हिमकणांनी माखलेल्या काचेमुळे. १९०३मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि त्यांचा वायपर हाताने दांडी ओढून चालवायचा होता. थांबून थांबून फिरणारा वायपर पुढे रॉबर्ट कर्न्स यांनी बसवला आणि त्याच्या हक्कासाठी फोर्ड आणि क्रायस्लरशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून भरपाई मिळवली. आष्टीसारख्या ठिकाणी खरा उपयोग या दुसऱ्या शोधाचा. इथे पाऊस अनेकदा नुसता भुरभुर असतो. सतत फिरणारा वायपर अर्ध्या कोरड्या काचेवर घासून आपलीच धार खातो.

यावर आक्षेप येतात, आणि ते खर्चाचे असल्यामुळे हसण्यावारी नेता येत नाहीत. पहिला: दिसायला धड असलेलं रबर का फेकायचं? तर फ्रेमचा वायपर असेल आणि त्याची रबरपट्टी सुटी मिळत असेल, तर फक्त पट्टी बदलावी. फ्रेम वाकली नसेल तर ती पुन्हा चालते. दुसरा: बदलण्याऐवजी लोक रबरावर पेट्रोल किंवा रॉकेल फिरवायला सांगतात. त्याने मळ निघतो हे खरं, पण रबर फुगतं आणि धार बिघडते. ओलं फडकं तेवढंच काम बिनधोक करतं. तिसरा: एकदाच महाग सिलिकॉनचं पातं घेतलं तर? सिलिकॉन उन्हाला जास्त टिकतं, हे मान्य. पण धूळ त्यालाही कापतेच. माझ्या मते या भागात दरवर्षी साधं नवं रबर हे तीन वर्षं जपलेल्या महागड्या पात्यापेक्षा बरं. उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. रबराला त्याने आराम मिळतो, पण वावटळीत ती लोखंडी दांडी काचेवर आपटली तर वाचवलेल्या रबरापेक्षा काच कितीतरी महाग पडते. आणि वायपर ही हौस नाहीच: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ काच असलेल्या गाडीला नीट काम देणारा वायपर सक्तीचा करतो.

तेव्हा मुहूर्त रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे मेअखेरचा. मृग लागायच्या आत काम उरकलेलं बरं. दुकानात गाडीचं नाव सांगून थांबू नये. जुनी दोन्ही पाती इंचांत मोजावीत, कारण बऱ्याच गाड्यांत चालकाच्या बाजूचं पातं लांब असतं. हौसेने एक इंच मोठं घेतलं तर ते शेजारच्या पात्यावर किंवा काचेच्या चौकटीवर आदळतं. दांडीचं टोक हुकाचं आहे की खिळीचं, हे आधी पाहावं. फ्रेमचं की चपटं हा प्रश्न त्यानंतरचा. चपटं पातं काचेवर सारखं दाबून बसतं आणि त्याच्या सांध्यांत धूळ साठत नाही, म्हणून हुक जुळत असेल तर मी त्याच्या बाजूने. पातं काढण्याआधी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा, कारण स्प्रिंगची उघडी दांडी निसटली की काच तडकते. नवं पातं ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत सरकवावं, काच साबणाच्या पाण्याने धुवावी आणि दोन मग पाणी ओतून वायपर फिरवून पाहावा. बारीक रेघ उमटली तर धारेत कण आहे; मधला पट्टा पुसलाच गेला नाही तर दोष बहुधा रबराचा नाही, दांडीच्या स्प्रिंगचा आहे, आणि तिथे नवं पातं पुन्हा पुन्हा बदलून काही होणार नाही.