पाळी आली नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

"मॅडम, सारखी चक्कर येते. जिना चढला की धाप लागते. रक्त वाढायचं टॉनिक द्या."

चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहणारी ही चोवीस-पंचवीस वर्षांची बाई काही दिवसांपूर्वी माझ्या दवाखान्यात आली. मूळ गाव लातूरकडचे. नवरा एका कारखान्यात कंत्राटी कामगार. कडेवर आठ महिन्यांचे बाळ. तपासताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती?"

"बाळंत झाल्यापासून आलीच नाही. बाळ अंगावर पितंय ना अजून."

लघवी तपासली. तिला दिवस गेले होते. सोनोग्राफीत दहा आठवड्यांचा गर्भ दिसला. हिमोग्लोबिन अवघे ८. रात्रपाळी करून तसाच आलेला नवरा बाहेर बसला होता. त्याला आत बोलावून सांगितले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "पण मॅडम, पाळीच आली नाही, तर दिवस जातील कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. हा समज घरोघरी आढळतो, म्हणून आजचे सदर त्याच्या उत्तरासाठी.

आधी बीज, मग पाळी

स्त्रीच्या बीजकोशातून महिन्याला साधारण एक स्त्रीबीज बाहेर पडते. गर्भ राहिला नाही, तर सुमारे १४ दिवसांनी पाळी येते. म्हणजे बीज आधी आणि पाळी नंतर. बाळंतपणानंतरचे पहिले बीज कधी बाहेर पडले, हे कळवायला पाळी येत नाही. त्याच वेळी संबंध आला, तर पाळी न येताच दिवस जातात.

अंगावर पाजल्याने बीज तयार होणे लांबते, हे खरे आहे. पण त्यावर विसंबायचे तर तीन अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, पाळी सुरू झालेली नसावी आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध मिळत असावे. यातली एक जरी अट मोडली, तरी भरवसा संपला. या बाईचे बाळ सहाव्या महिन्यापासून पेज आणि वरणभात खात होते.

जी आई अंगावर पाजत नाही, तिला बाळंतपणानंतर महिन्याभरातही दिवस जाऊ शकतात.

'सुरक्षित दिवसां'चा हिशेब

पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहते. स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते. त्यामुळे बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जोखमीचे. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते. ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या. पण पाळी दर महिन्याला घड्याळासारखी कोणाची येते? जागरण, आजारपण, मनावरचा ताण यांनी ती पुढेमागे होते. म्हणून बोटांवर दिवस मोजून निर्धास्त राहू नये.

साधन कोणते?

निरोध कोणालाही, केव्हाही चालतो आणि गुप्तरोगांपासूनही वाचवतो. मात्र तो प्रत्येक वेळी वापरायला हवा. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. माला-एनसारखी रोजची गोळी मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. सरकारी आरोग्य केंद्रात ही साधने विनामूल्य मिळतात.

चूक झालीच तर

निरोध फाटला किंवा काहीच वापरले नाही, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी. जितकी लवकर, तितकी उपयोगी. ही गोळी बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. गोळीनंतर दोन तासांत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी. क्षयाची किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर ती कमी पडू शकते. डॉक्टरांना तसे सांगावे. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी याहून खात्रीची. ही गोळी नेहमीचे साधन म्हणून वापरू नये आणि त्या महिन्यातल्या पुढच्या संबंधांना तिचा आधार धरू नये. तीन आठवड्यांत पाळी आली नाही, तर लघवी तपासावी.

नको असलेले दिवस गेले, तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. गर्भ नळीत असेल, तर जिवावर बेतते. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. साधन निकामी ठरले, हे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही लागत नाही.

ही दोघे दोन दिवस विचार करून परत आली. अंगात रक्त नाही, बाळ लहान. तिला हे बाळंतपण नको होते. मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात झाला आणि त्याच वेळी तांबी बसवली. आता रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत. दोन मुलांत अंतर ठेवायचे ते यासाठीच. बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाईपर्यंत निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तिने बाळंतपणाचे कार्ड दाखवले होते. त्यावर बाळाच्या लसींच्या तारखा नीट लिहिलेल्या होत्या. आईने पुढे कोणते साधन वापरावे, याची एक ओळही नव्हती. ही चूक तिची नव्हे, आम्हा डॉक्टरांची आहे. तेव्हा वाचकहो, घरातली बाळंतीण दवाखान्यातून घरी निघण्याआधी डॉक्टरांना एवढे विचाराच, "आता साधन कोणते, आणि कधीपासून?" शक्यतो हा प्रश्न नवऱ्याने विचारावा.