ऋषिपंचमीचें ताट आणि शेतीचा आरंभ

भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्या घरांतील वडील स्त्रिया बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करतात. त्या दिवशीं गहूं नाहीं, तूर नाहीं. परसांत हातानें लावलेलें अळू, भोपळा, दोडका, सुरण आणि मिळाल्यास मूठभर देवभात. धर्मशास्त्रांत या व्रताचें प्रयोजन निराळें सांगितलें आहे, तें असो. परंतु नांगराविना मिळणारें जें अन्न आपणांस एका दिवसापुरतेंच ठाऊक आहे, त्यावर मनुष्यजातीनें आपलें बहुतेक आयुष्य काढलें आहे, हें आपल्या ध्यानांत क्वचितच येतें.

आपल्यासारखा मनुष्य पृथ्वीवर वावरूं लागून सुमारें ३,००,००० वर्षें झालीं. या साऱ्या काळाचें एक अहोरात्र कल्पिलें, तर त्याच्या तीस मुहूर्तांपैकीं शेतीचा मुहूर्त केवळ शेवटचा एक होय. पश्चिम आशियांत गहूं व जव यांची लागवड सुरू होऊन दहा-अकरा हजार वर्षें झालीं. बलुचिस्तानांतील मेहरगढ येथें इ. स. पूर्व ७००० च्या सुमारास शेतकरी वस्ती उभी राहिली होती. त्यापूर्वींचे एकूणतीस मुहूर्त मनुष्य कंद खणीत, फळें वेंचीत व शिकार करीत हिंडला.

रानांतला मनुष्य अडाणी होता आणि एके दिवशीं कोणा बुद्धिमंतास बी पेरण्याची युक्ति सुचली, असा आपला समज असतो. तो बरोबर नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या भागांत कोलामांचीं पोडें आहेत. पोड म्हणजे त्यांची लहानशी वस्ती. पैनगंगेच्या अलीकडील व पलीकडील डोंगरांत हे लोक पूर्वीं उतारावरील झाडी तोडून जाळीत, कुदळीनें अथवा टोकदार काठीनें भोंक पाडून त्यांत बी टाकीत, आणि जमीन दमली कीं जागा बदलीत. पेरणी करूनहि त्यांचें रान सुटलें नव्हतें. मोहाचीं फुलें, टेंभरें, चारोळी, कंद, मध यांचा आधार होताच. पुढें इंग्रजी अमदानींत जंगलें राखीव झालीं आणि डोंगरावरील ही शेती बंद पडत गेली. नांगर हातीं आला तो पुष्कळ अंशीं त्या सक्तीनें. तात्पर्य, वेंचणें व पेरणें हीं दोन युगें नसून एकाच कुटुंबाचीं दोन कामें असूं शकतात. प्राचीन काळींहि हजारों वर्षें असेंच चाललें. रानांतून बी व कंद आणण्याचें काम बहुधा स्त्रियांकडे असल्यामुळें पहिलें शेतहि त्यांच्याच हातचें असावें, असें पुष्कळ विद्वान मानतात.

मग मनुष्य शेताशीं कायमचा बांधला कां गेला? फिरत्या टोळींतील आईस दोन तान्हीं मुलें वाहून नेतां येत नाहींत. एका जागीं राहूं लागल्यावर ही अडचण सरली. धान्याच्या पेजेमुळें अंगावरचें दूध लवकर तोडतां येऊं लागलें, आणि बाळंतपणांतील अंतर कमी झालें. खाणारीं तोंडें वाढलीं. इतक्यांना पोसणें रानाला शक्य नव्हतें, म्हणून परतीची वाट अरुंद होत गेली. याची किंमतहि द्यावी लागली. अनेक देशांतील आरंभींच्या शेतकऱ्यांचे सांगाडे आधींच्या शिकाऱ्यांहून ठेंगणे असून त्यांचे दांत अधिक किडलेले आढळतात.

महाराष्ट्रांत या स्थित्यंतराचा फार बोलका पुरावा पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें मिळाला. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृति डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेल्या या गांवीं चौकोनी घरें, धान्याचीं पेवें, जवाचीं शेतें आणि पुढें पाण्याचा पाट व बांध होता. पांच खोल्यांचें एक मोठें घर व त्याशेजारीं कोठार सांपडलें. तें गांवच्या मुख्याचें असावें. धान्य सांठलें कीं राखणदार लागतो, आणि राखणदारामागून अधिकार येतो. मृत अर्भकें मातीच्या भांड्यांत ठेवून घरांतल्याच भुईखालीं पुरीत; त्या भुईशीं आयांचें नातें किती जडलें होतें, हें निराळें सांगावयास नको.

परंतु इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटलें. पाऊसमान घटलें असावें, असें ढवळीकरांचें अनुमान. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, शेती आखडली, शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरील भिस्त वाढली, आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें. मध्यंतरींचीं तीन शतकें हे लोक तगले ते पूर्वजांची जुनी विद्या अगदींच विसरले नव्हते म्हणून.

त्याच सुमारास विदर्भांत लोखंडाचें युग भरांत होतें. नागपूर जिल्ह्यांतील नैकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननांत सांपडली आहे. लोखंडी कुऱ्हाडीनें झाडी हटली, लोखंडी फाळानें काळी जमीन फुटली, आणि वऱ्हाड शेतीचा मुलूख झाला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें विलायतेस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां याच मातींत कापूस पसरला. आज यवतमाळचें नांव देशभर घेतलें जातें तें कापसाबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठींहि. कर्ज, भाव, पाऊस अशीं त्याचीं कारणें अनेक. पण सारें घर एकाच पिकावर टेकलेलें असणें, हेंहि त्यांपैकीं एक आहे. इनामगांवकरांपाशीं निदान शिकार व कळप होते.

सर्वांनीं पुन्हां रानांत जावें, असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्वारी, तूर, मूग, उडीद व बांधावरची अंबाडी एकाच शेतांत घेणारे आपले आजोबा मागासलेले नव्हते, आणि रानभाजी ओळखणारी पोडांतली कोलाम बाईहि अडाणी नव्हे. येत्या ऋषिपंचमीस ताटावर बसतांना घरांतल्या मुलांना एवढें अवश्य सांगावें, आणि ताटांतल्या प्रत्येक भाजीचें नांव त्यांना आजीकडून शिकूं द्यावें.