जमाखर्च डोळ्यांना कसा दिसतो?

घरचा जमाखर्च पूर्वी वहीत लिहीत. आता काही घरांत तो संगणकावर ठेवतात. ‘ग्नूकॅश’ हे त्यासाठीचे एक विनामूल्य सॉफ्टवेअर. किराणा, दूध, वीज, बसभाडे अशा प्रत्येक बाबीचे त्यात वेगळे खाते उघडता येते. सांगितले की खर्चाचा वृत्तालेख क्षणात पडद्यावर उमटतो. पण वीस खात्यांच्या वीस फाका झाल्या, की त्या रंगीबेरंगी चक्राकडे पाहून आईला काही म्हणजे काही उमगत नाही!

दोष आईचा नव्हे. समजा, एप्रिलचा एकूण खर्च २४,००० रुपये. त्यात दूध २,४०० आणि वीज २,१००. वर्तुळाचे ३६० अंश याच प्रमाणात वाटले, तर दुधाच्या फाकेचा कोन ३६ अंश येतो व विजेचा ३१.५ अंश. कोनमापक न लावता यांतला मोठा कोणता, सांगा पाहू! आता ५०० रुपयांना १ सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन स्तंभ काढा. दुधाचा ४.८ सेंटिमीटर, विजेचा ४.२. दोन्ही एकाच रेषेवर उभे असल्याने कोणाचे टोक वर आहे ते चटकन दिसते. कोनापेक्षा अशी तुलना आपल्याला अधिक अचूक जमते, हे क्लीव्हलंड व मॅकगिल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवले. गंमत अशी, की स्तंभालेख (१७८६) आणि वृत्तालेख (१८०१) हे दोन्ही विल्यम प्लेफेअर या एकाच स्कॉटिश गृहस्थाच्या पुस्तकांतून पुढे आले.

तेव्हा स्तंभ घ्यावेत, मोठ्याकडून लहानाकडे मांडावेत. किरकोळ खाती ‘इतर’मध्ये घालावीत. आणि हो, बँकेतून काढलेली रोकड खर्चात धरू नका. पैसे फक्त एका खात्यातून दुसऱ्यात गेले.

पण स्तंभही फसवतात बरे! मार्चचे वीजबिल २,००० आणि एप्रिलचे २,१०० रुपये. उभा अक्ष शून्याऐवजी १,९०० पासून सुरू केला, तर एप्रिलचा स्तंभ मार्चच्या बरोबर दुप्पट उंच दिसतो. खरी वाढ अवघी ५ टक्के! असा आलेख पाहून ‘पंखा कोणी चालू ठेवला?’ म्हणून धाकट्याला बोलणी बसली, तर तो निव्वळ अन्याय. म्हणून आधी अक्षावरचा सर्वांत खालचा आकडा वाचावा.

आता जूनचा स्तंभ पाहा. तो एकटाच ताडासारखा वाढलेला असतो, कारण विम्याचा १२,००० रुपयांचा वार्षिक हप्ता त्याच महिन्यात भरला. हिशेबातली नोंद जूनमध्येच राहू द्यावी. मात्र दरमहाच्या खर्चाची तुलना करायची असेल, तेव्हा आलेखापुरते दर महिन्याला १,००० धरावेत आणि तसे आलेखाखाली लिहावे. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हीच विचाराल, हे हजार आले कुठून?