रात्रीच्या राखणीसाठी इन्फ्रारेड दिवा कसा निवडावा?

मक्याची कणसे चिकात आली, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरांचे कळप रात्री रानात उतरतात. खाल्ले त्याच्या कितीतरी पट तुडवून आणि उकरून जातात. माळ्यावर जागलीला बसलेला शेतकरी टॉर्च मारतो, डबा वाजवतो, कळप शेजारच्या रानात जातो आणि टॉर्च विझली की परत येतो. कळप किती मोठा, कोणत्या बांधावरून शिरतो, किती वाजता येतो, हे मात्र टॉर्चच्या उजेडात कळत नाही, कारण उजेड पडताच सगळे उधळतात. यासाठी अलीकडे बरेच शेतकरी अंधारात पाहण्याच्या डिजिटल दुर्बिणी आणि रात्रीचे कॅमेरे घेऊ लागले आहेत. या साधनांना डोळ्याला न दिसणारा उजेड पुरवणारा दिवा म्हणजे इन्फ्रारेड किंवा अवरक्त दिवा. दुर्बिणीची चौकशी सगळे करतात, दिवा मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. रात्री दिसते किती आणि कसे, हे निम्म्याहून अधिक दिव्यावर अवलंबून असते.

आधी कायद्याचे

बाजारातील असे बहुतेक दिवे परदेशातील रात्रीच्या शिकारीसाठी बनवलेले असतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात रानटी डुकरे ही बाहेरून आलेली, मोकाट वाढलेली जात मानली जाते. तेथे २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती मारण्यास शिकारीचा परवानाही लागत नाही. लोक रायफलीवर रात्रदर्शक दुर्बीण आणि दिवा बसवून रात्रभर फिरतात. आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. रानडुक्कर हा येथील मूळचा वन्यप्राणी असून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये येतो. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती हाती नसताना गोळी झाडणे हा गुन्हा आहे, बंदुकीचा परवाना असला तरीही. कुंपणात वीज सोडण्याचा तर विचारही करू नये. त्यात डुकरांबरोबर माणसेही मरतात.

तेव्हा पुढील माहिती मुख्यतः पाहणीसाठी आहे. परवानगी घेऊन बंदोबस्त करावयाचा असेल तेव्हाही दिवा निवडण्याचे नियम तेच, फक्त चुकीची किंमत फार मोठी. दिवा व दुर्बीण बंदुकीवर बसवण्याऐवजी हातात किंवा तिकाटण्यावर ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळणे म्हणजे दिसेल त्याच्यावर नळी रोखणे होय.

८५० की ९४०?

माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडचा तो इन्फ्रारेड. दिव्यावर ८५० किंवा ९४० असा आकडा छापलेला असतो, तो या तरंगलांबीचा. ८५० चा दिवा समोरून पाहिल्यास विझत्या निखाऱ्यासारखा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा दिवा जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून ९४० चांगला, असे विक्रेते सांगतात. पण कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक ९४० ला ८५० च्या मानाने निम्मा किंवा त्याहूनही कमी प्रतिसाद देतो. म्हणजे तितकीच बॅटरी जाळून चित्र अंधूक. जुन्या पद्धतीच्या, नळी असलेल्या रात्रदर्शक दुर्बिणीला तर ९४० चा दिवा फारसा उपयोगी पडतच नाही.

डुकराला तो लाल ठिपका दिसतो का? डुकराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. एक निळ्या बाजूची, सुमारे ४४० नॅनोमीटरची आणि दुसरी हिरव्या-पिवळ्या बाजूची, सुमारे ५५५ ची. गडद लाल रंगाला हा डोळा फारच मंद असतो. कळप बिचकतो तो बहुधा वाऱ्यावरून आलेल्या वासाने किंवा खोकल्याच्या आवाजाने, आणि त्याचा दोष दिव्यावर जातो. म्हणून शेतातील राखणीसाठी ८५० चा दिवा घ्यावा. चोरांच्या नजरेत येऊ नये म्हणून विहिरीवरील मोटारीपाशी किंवा गोठ्यात जवळचा कॅमेरा लावावयाचा असेल, तर तेथे ९४० ठीक आहे.

उष्णतेवर चालणाऱ्या, म्हणजे थर्मल दुर्बिणीला मात्र कोणताच दिवा लागत नाही. प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता ती टिपते. ती फार महाग असते. शिवाय तीत प्राणी चटकन सापडला तरी तो नेमका कोणता, हे लांबून ओळखणे अनेकदा अवघड जाते.

पल्ला आणि झोताची रुंदी

खोक्यावर ३०० मीटर, ५०० मीटर असे पल्ले छापलेले असतात. ते बहुतेक मोकळ्या माळरानावर, 'तेथे काहीतरी हलले' एवढे दिसण्याचे असतात. आपल्याला एवढा पल्ला लागतो कशाला, याचा हिशेब आधी करावा. एक एकराचे चौकोनी रान घेतले तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ९० मीटर भरते. एका हेक्टरला हेच १०० आणि १४१ मीटर. मधोमध माळा असेल तर याच्या निम्मेच. म्हणजे बहुतेकांना शंभर मीटरपर्यंत स्वच्छ दाखवणारा दिवा पुरेसा आहे.

झोताची रुंदी अंशात दिलेली असते. शंभर मीटरवर ३ अंशांचा झोत सुमारे ५ मीटर रुंद पडतो, १० अंशांचा साडेसतरा मीटर आणि ३० अंशांचा सुमारे ५४ मीटर. तोच दिवा १० अंशांवरून ३० अंशांवर पसरवला तर उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. तसेच, अंतर दुप्पट झाले की प्राण्यावर पडणारा उजेड चौथाई होतो. म्हणून दुप्पट पल्ल्यासाठी चौपट ताकदीचा दिवा लागतो, दुप्पट ताकदीचा पुरत नाही. वॅटच्या आकड्यावरही जाऊ नये. तो बहुधा दिवा किती वीज खातो हे सांगतो, उजेड किती देतो हे नव्हे.

यावर सोयीचा उपाय म्हणजे पुढचे भिंग मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करता येणारा एलईडी दिवा. आधी झोत पसरवून रान चाळावे आणि काही दिसले की आवळून नीट पाहावे. उसाच्या सरीतून, तुरीच्या ओळीतून पाहताना रुंद झोत जवळच्या पानांवरच पांढरा फटक पडतो व मागचे काही दिसत नाही. हिरवे पान इन्फ्रारेड उजेड भरपूर परत फेकते. त्यामुळे या दुर्बिणीत पीक पांढरट आणि डुक्कर काळसर दिसते. हे आपल्या फायद्याचे, पण पान भिंगाजवळ नसेल तरच. धुके, पावसाची झिमझिम आणि उडती धूळ यांचाही असाच पडदा होतो. कायम बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी दिवा कॅमेऱ्यापासून पाच-सहा फूट बाजूला, वेगळ्या खांबावर लावला तर हा त्रास बराच कमी होतो, आणि गरम दिव्याभोवती कोळ्याने विणलेले जाळेही भिंगासमोर येत नाही.

समोर कोण आहे?

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते आणि अनेक गावांत ती रात्रीची असते. ज्या वेळी डुकरे येतात त्याच वेळी शेजारचा शेतकरी दारे धरायला वाकलेला असतो, घोंगडी पांघरून बांधावर बसलेला असतो. इन्फ्रारेड उजेडात रंग दिसत नाहीत. काळा कपडाही पुष्कळदा पांढरट दिसतो. साठ-सत्तर मीटरवर मक्याच्या ओळीत वाकलेला माणूस आणि डुक्कर यांत फरक करणे वाटते तितके सोपे नाही.

डोळ्यांच्या चमकीवर विसंबू नये. गाय, कुत्रा, चितळ, बिबट्या यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे दिवा दुर्बिणीलगत असला तर त्यांचे डोळे ठिणगीसारखे चमकतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो, चमक असली तरी मंद. पण हा थर माणसाच्याही डोळ्यात नसतो! म्हणजे 'डोळे चमकले नाहीत, म्हणून डुक्कर' हा अंदाज जिवावर बेतू शकतो. आणि डोळे लखलखीत चमकले तर खाली उतरू नये. उसाच्या पट्ट्यात तो बिबट्या असू शकतो.

यासाठी दिवा विकत घेण्यापूर्वी, किंवा निदान घेतल्यावर पहिल्याच रात्री, पुढील चाचणी करावी. या वेळी बंदूक जवळ नसावी. रानात २५, ५०, ७५ आणि १०० मीटरवर खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटीपाशी एक भरलेले पोते आडवे ठेवावे आणि थोड्या अंतरावर घरच्या माणसाला घोंगडी घेऊन उकिडवे बसवावे. कोण कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या माणसाने माळ्यावरून पाहून सांगावे. ज्या खुंटीपर्यंत तो दहापैकी दहा वेळा बरोबर सांगतो, तोच आपल्या दिव्याचा खरा पल्ला. खोक्यावरचा आकडा त्यानंतर विसरून जावा. पीक कमरेच्या वर गेले की हा पल्ला बराच घटतो, म्हणून चाचणी पुन्हा करावी.

शेजाऱ्यांशी ठरवून घ्यावे की रात्री पाण्याला जाणाऱ्याने चमकणारा पट्टा अंगावर घालावा आणि बांधावर पोचताच साध्या टॉर्चने ठरलेली खूण करावी. इन्फ्रारेड उजेडातही असा पट्टा लांबून झळकतो.

डोळ्यांची आणि बॅटरीची काळजी

न दिसणारा उजेड निरुपद्रवी असतो, हा समज चुकीचा आहे. तीव्र पांढऱ्या उजेडात पापणी आपोआप मिटते. इन्फ्रारेड उजेडात ती मिटत नाही आणि बाहुलीही आकसत नाही. त्यामुळे चालू दिव्यात जवळून पाहू नये, मुलांच्या हाती देऊ नये. दिवा चालू आहे की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. बऱ्याच मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो जांभळट-पांढरा दिसतो. लेसरवर चालणारे दिवे लांबवर पोचतात, पण त्यांतील ३ब वर्गाचा लेसर डोळ्याला कायमची इजा करू शकतो. शेतावर त्याचे काम नाही. ज्यावर वर्गच छापलेला नाही असा लेसर दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

या दिव्यांत बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हा आकडा. चांगल्या सेलची क्षमता ३,५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. ९,९०० असे छापलेले सेल सर्रास विकले जातात, तो आकडा खोटा असतो. असा सेल हातात घेतला तरी हलका लागतो. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ५ वॅट वीज घेणारा दिवा एका चांगल्या सेलवर जास्तीत जास्त अडीच तास चालेल. रात्रभराच्या जागलीला तीन-चार सेल लागतात, किंवा दिवा गरजेपुरता लावावा लागतो. दिव्याचे अंग धातूचे असावे. प्लॅस्टिकच्या दिव्यात उष्णता कोंडते आणि तासाभरात उजेड उतरतो.

पावसाळ्यात टोपणाच्या रबरी वळ्याला चिमूटभर ग्रीस लावावे. हंगाम संपला की सेल काढून निम्मा भरलेला असताना थंड, कोरड्या जागी ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांजवळ किंवा फवाऱ्याच्या औषधांशेजारी तो ठेवू नये. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नये.