ओटा, माजघर आणि हॉल : नामपूर परिसरातील घरांच्या अंतर्रचनेचा विचार

घराच्या अंतर्रचनेचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः पडदे, रंग, गालिचे आणि आसने यांचाच विचार मनात येतो. अंतर्रचना म्हणजे सजावट आणि सजावट म्हणजे संपन्नांची हौस, असा समज त्यामागे असतो. हा समज घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या जुन्या घरात शिरणाऱ्याला तेथे पाहण्यासारखे काहीच नाही असे वाटेल. वस्तुतः कोणी कोठवर यावे, कोणी कोठे बसावे, कोणाला उजेड मिळावा आणि कोणाच्या वाट्याला धूर यावा, हे ठरविण्याचे काम अंतर्रचना करीत असते, आणि ते ती एक शब्दही न बोलता करते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर व त्याभोवतीचे मोसम खोरे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. येथे धाब्याचे घर आणि स्लॅबचे घर एका पिढीच्या अंतराने शेजारी शेजारी आली, आणि जुन्या घरात जन्मलेली माणसे नव्या घरात म्हातारी झाली.

प्रथम या भूमीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. बागलाणच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग आहे. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर किल्ला याच तालुक्यात येतो. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस डोंगर बराचसा अडवून ठेवतो, त्यामुळे पूर्वेकडे मालेगावच्या दिशेने उतरत जाणाऱ्या मोसम खोऱ्यात त्याचा थोडाच भाग पोहोचतो. उन्हाळा मात्र कडक. हा प्रदेश शासनदृष्ट्या १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्यात आला. तथापि बोलीने, सणांनी आणि घरबांधणीने तो खानदेशाशीच जोडलेला राहिला. कोकणातील उतरत्या छपराची येथे गरज नव्हती. येथे धाबे झाले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फांद्या, पाला, चिखल आणि सर्वांत वर पाणी सहजी न मुरू देणारी खारी किंवा पांढरी माती, असा हा सपाट मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकावी लागे. ती टाकण्यात हयगय झाली की धाबे गळे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती खणांचे यावरून घरवाल्याची ऐपत ओळखली जाई. खोलीची लांबीरुंदी माणसाच्या इच्छेपेक्षा तुळईच्या लांबीवर अवलंबून होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अशा घराची मांडणी एका ओळीत समजते. रस्त्याला लागून ओटा, त्यामागे ओसरी, मग माजघर, त्याच्या बाजूला किंवा मागे स्वयंपाकाची जागा, आणि शेवटी परसदार. मोठ्या कुणब्याच्या घरात यात गोठा येई. गढीवाल्याच्या घरात देवडी आणि चौक येत. पण क्रम हाच. या क्रमाचे मर्म असे की आत जाणाऱ्यास प्रत्येक टप्प्यावर शरीराने काहीतरी बदल करावा लागे. ओट्यावर पादत्राणे निघत. ओसरीत बसता येई, पण टेकून बसायचे की ताठ, हे नात्यावर अवलंबून असे. माजघराचे दार ठेंगणे आणि उंबरठा उंच. आत जाणारा मान लववून व पाय उचलून जाई. दार ठेंगणे असण्याचे कारण बहुधा लाकडाची बचत आणि उष्म्यापासून बचाव हे असावे. परंतु कारण काहीही असले तरी परिणाम एकच : आपण दुसऱ्याच्या अंतर्भागात शिरत आहोत हे शरीराला सांगितले जाई.

उजेडाचेही तसेच. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावरचा प्रकाश लाखभर लक्सच्या घरात असतो. खिडक्या नसलेल्या माजघरात त्याचा हजारावा भागही पोहोचत नाही. मनुष्याचा डोळा अंधाराला पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. रस्त्यावरून एकदम माजघरात आलेल्याला म्हणून काहीच दिसत नसे, आणि आतल्यांना मात्र तो स्पष्ट दिसत असे. ओसरी ही या दोहोंमधील पायरी होती. पाहुण्याला तेथे पाणी देऊन थोडा वेळ बसविण्याच्या रिवाजात आतिथ्य होतेच. त्याबरोबर डोळ्याला विसावा होता आणि आतल्या बायकांना सावरण्यास अवधी होता.

ध्वनीच्या बाबतीत हे घर अधिकच चतुर होते. जाड मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि लाकडाचे छत हे आवाज परतवीत नाहीत, शोषून घेतात. त्यामुळे ओसरीवरील संभाषण घुमत नसे. मात्र अर्धवट लोटलेल्या दारातून ते माजघरात ऐकू जाई. जमिनीची वाटणी, सोयरिकीची बोलणी, सावकाराशी होणारी घासाघीस, सारे काही ओसरीवर पुरुषांत चाले, आणि दाराआड बसलेल्या स्त्रिया ते शब्दन्‌शब्द ऐकत. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता, परंतु ऐकण्यास कोणी मना करू शकत नव्हते. घरातील निर्णय ओसरीवर जाहीर होत, पण त्यांतील बरेचसे रात्री माजघरात बदलत, हे ज्याने एकत्र कुटुंब पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

येथवरचे वर्णन वाचून जुन्या घराविषयी जी हळहळ निर्माण होते, तिला वेळीच आवर घातला पाहिजे. ज्या क्रमाने पाहुण्याला हळूहळू आत नेले, त्याच क्रमाने कित्येकांना बाहेर थोपविले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाची सीमा ओट्याच्याही खाली, अंगणात होती. गावच्या घरातील ओट्याची पायरी आणि देवळाची पायरी या दोहोंचे व्याकरण एकच होते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह हा एका उंबरठ्यासाठी होता, आणि उंबरठा ही केवळ लाकडाची पट्टी असती तर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले नसते. शिवाय ज्यांचे घर एकाच खणाचे, त्यांना ओटा, ओसरी व माजघर हा क्रम माहीत असला तरी परवडणारा नव्हता. तेथे मडक्यांची उतरंड हीच भिंत होई, आणि उभी केलेली बाज हाच पडदा.

स्त्रीच्या वाट्याला घराचा सर्वांत काळोखा भाग आला होता. माजघर दुपारी थंड राही हे खरे. तेथे बाळंतीण, आजारी आणि लहान मुले यांना निवारा मिळे हेही खरे. पण पहाटे जात्यावर बसणारी, त्यानंतर चुलीपुढे वाकणारी आणि सायंकाळी पुन्हा तेथेच परतणारी स्त्री या थंडाव्याची किंमत डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजत होती. धाब्यातील झरोका धूर बाहेर जावा म्हणून असे. पावसाळ्यात तो झाकला की धूर घरातच राही. फ्रेंच तत्त्वज्ञ गास्तों बाशलार याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात घराचे कोपरे, पेट्या आणि माळे यांना मनुष्याच्या स्वप्नांचे आश्रयस्थान मानले आहे. विवेचन सुंदर आहे. मात्र ते कोपऱ्यात निवांत बसावयास सवड असलेल्या माणसाचे आहे. त्या मानाने पिएर बूर्दिय याने अल्जीरियातील काबील लोकांच्या घराचे केलेले विश्लेषण (१९७०) मोसम खोऱ्यातील अभ्यासकास अधिक जवळचे वाटेल. उजेड आणि काळोख, पुरुष आणि स्त्री, बाहेर आणि आत या जोड्या भिंतींत कशा बांधल्या जातात, हे त्याने दाखविले. येथे त्यात एक भर घालावी लागते : या जोड्या बांधणाऱ्याला त्या जाणवत नाहीत. त्याला फक्त तुळईची लांबी, मातीचे वजन आणि वाऱ्याची दिशा दिसत असते.

मग घर बदलले. बदलाची कारणे अनेक आहेत. चांगले सागवान दुर्मिळ व महाग झाले, धाब्यावर दरवर्षी माती टाकणारे हात कमी झाले, आणि सिमेंट गावोगावी पोहोचले. या परिसरात त्यांच्या जोडीला कांदा आला. घरातल्या कणगीत वर्षाचे धान्य साठविणारे घर आणि बाजारासाठी पीक काढणारे घर यांची गरज एक नसते. धान्य माजघराच्या काळोखात सुरक्षित राहते. कांद्याला वारा लागतो. म्हणून कांदा घराबाहेर, खालून व बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळीत गेला. साठवण बाहेर गेल्यावर माजघराच्या काळोखाचे एक मोठे समर्थनच नाहीसे झाले. कांद्याला मिळालेला वारा काही वर्षांनी घरातल्या स्त्रीलाही मिळाला, असे कोणी म्हटल्यास ती केवळ थट्टा ठरणार नाही.

नव्या घरात दर्शनी खोली 'हॉल' झाली. ओसरी आणि माजघर यांचे काम तिने एकटीने उचलले. पाहुणा येथेच बसतो, मुले येथेच अभ्यास करतात, दूरचित्रवाणी येथेच, आणि संध्याकाळी घरातील स्त्रियाही येथेच बसतात. हा शेवटचा फरक क्षुल्लक नाही. दाराआडून ऐकणारी स्त्री आता समोर बसून बोलते, आणि तिला समोर बसविण्याचे काम सुधारकांच्या व्याख्यानांइतकेच भिंती काढून टाकणाऱ्या या खोलीनेही केले.

स्वयंपाकाच्या जागी झालेला पालट तर एका शब्दातच सापडतो. 'ओटा' हा शब्द पूर्वी घरापुढील, पुरुषांच्या बैठकीच्या चौथऱ्यासाठी होता. नव्या घरात ओटा म्हणजे गॅसची शेगडी ठेवण्याचा दगडी कट्टा. शब्द रस्त्यावरून निघून घर ओलांडून थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकला. बसून करण्याचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. गुडघे, पाठ आणि डोळे यांचा त्रास बदलला, काही अंशी कमी झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस अधिक घरांपर्यंत नेला, आणि जेथे सिलिंडर पुन्हा भरणे परवडले तेथे धूरही गेला. परंतु चुलीपुढे बसलेल्या स्त्रीभोवती घर बसत असे. पंगत तिच्या समोर असे. ओटा भिंतीला लागून असल्यामुळे आता तिचे तोंड भिंतीकडे आणि पाठ घराकडे असते. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशास्त्रज्ञेने १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहरातील वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. स्त्रीची पावले वाचावीत हा तिचा हेतू होता, आणि तो साधलाही. पुढे त्यावर आक्षेप आला तो असा की एवढ्याशा जागेत दुसरे माणूस मावत नाही, म्हणून स्त्री तेथे एकटी पडते. आक्षेप जर्मनीतला; तो नामपूरच्या स्वयंपाकघरासही लागू पडतो.

उष्म्याचा हिशेब मात्र नव्या घराच्या बाजूने मांडता येत नाही. मातीच्या जाड थरातून दुपारची उष्णता आत उतरण्यास कित्येक तास लागतात. ती खाली पोहोचेतो बाहेर रात्र झालेली असे आणि माणसे धाब्यावर निजावयास गेलेली असत. दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दुपारपासूनच आत तापू लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडीत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवितो. गुळगुळीत फरशी आणि सिमेंटचा गिलावा यांमुळे हॉलमध्ये आवाज घुमतो, मग दूरचित्रवाणीचा आवाज वाढविला जातो, आणि त्यावर माणसे आपला आवाज चढवितात. म्हाताऱ्यांची अडचण सर्वांत मोठी. सारवलेल्या जमिनीवर पाय रोवत असे. ओल्या फरशीवर तो घसरतो. आणि ज्या ओट्यावर बसून त्यांचा दिवस जात असे, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस होत असे, तो ओटाच रस्तारुंदीत, मोटारसायकलच्या उतारात किंवा दर्शनी भिंतीच्या लोखंडी जाळीत नाहीसा झालेला असतो. आता ते हॉलच्या कोपऱ्यात बसतात. तेथे ते कोणाच्या तरी वाटेत असतात.

हा प्रश्न सुखवस्तू घरांपुरता नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरांवरून २५ चौरस मीटर करण्यात आले, आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ, स्वतंत्र जागा धरण्यात आली. स्वयंपाकाच्या जागेचा नियमात उल्लेख होणे ही मोठी सुधारणा आहे. पण २५ चौरस मीटरांत चार-पाच माणसे राहावयाची म्हणजे ओसरीसारखी 'निरुपयोगी' जागा सर्वांत आधी कापली जाते. वास्तविक दाराबाहेर दीड हात रुंदीचा ओटा आणि त्यावर थोडी सावली एवढ्यानेही म्हाताऱ्याला बसावयास जागा होते, भिंतीवरचे ऊन अडते आणि पाहुण्याच्या डोळ्याला पायरी मिळते. ती पायरी सर्वांसाठी खुली असावी, एवढीच अट घातली पाहिजे. जुन्या ओट्याचा दोष त्याच्या दगडात नव्हता.

खानदेश-बागलाणात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. त्याआधी घराची झाडलोट आणि रंगरंगोटी होते, दूरदूरचे भाऊबंद परततात. त्या दोन दिवसांपुरता हॉल पुन्हा माजघर होतो. सोफा भिंतीला सरकविला जातो, दूरचित्रवाणीवर कापड पडते, चौरंग मांडला जातो आणि सर्वजण जमिनीवर बसतात. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खावयाचे असतात. परक्याला ते द्यावयाचे नसतात. फरशीत उंबरठा शोधूनही न सापडणाऱ्या घरांत त्या दिवशी तो कोठे आहे हे लहान मुलांनाही ठाऊक असते. सोमवारी कानबाई नदीवर जाते, आणि संध्याकाळपर्यंत सोफा आपल्या जागी परत येतो.